कडेला उभी आहे ती कोण?

तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. तुमच्या वाकडच्या सोसायटीतल्या सहा जणी दर महिन्याला चिकटवह्या करायला एकत्र बसणार, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तू त्याला स्क्रॅपबुक म्हणतेस, आम्ही शाळेपासून चिकटवही म्हणत आलो. आमचा कोथरूडचा, महिन्यातला एक शनिवार २००६ साली सुरू झाला, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले त्याच वर्षी. कागद कसा टिकतो हे मला नोकरीने शिकवलं होतं. बाकीचं सगळं मैत्रिणींच्या शेजारी बसून शिकले, आणि त्यातली एक गोष्ट फार महागात पडून शिकले. तीच आधी सांगते.

आमच्यातल्या एकीने, बँकेत नोकरी केलेली ती, मला तिच्या बहिणीच्या लग्नातला पंगतीचा फोटो दिला. कृष्णधवल, कडा नक्षीच्या. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवताहेत. ती म्हणाली, “तुझा हात स्वच्छ चालतो, तूच लाव गं माझ्या वहीत.” मी नुकताच लंबगोल कापायचा साचा आणला होता. फोटो साच्याखाली धरला, नवरा-नवरी बरोबर मधे घेतली, कापलं आणि मरून रंगाच्या जाड कागदावर लावून टाकलं. पान देखणं झालं होतं. तिने ते बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, “पाणी वाढणारा कुठे गेला?”

फोटोच्या डाव्या कडेला अर्ध्या चड्डीतला एक मुलगा होता. हातात तांब्या, तोही अर्धाच फोटोत आलेला. तो तिचा धाकटा भाऊ. त्या लग्नानंतर वर्षाच्या आत तो तापाने गेला, आणि त्याचा दुसरा फोटो घरात कुणाकडेच नव्हता.

मी त्या रात्री जिन्याखालची रद्दीची पिशवी वर आणली, फरशीवर ओतली आणि एकेक चिटोरं उलटून पाहिलं. दोन बोटं रुंदीचा तो तुकडा सापडला. बटरपेपरच्या पाकिटात घालून दुसऱ्या दिवशी तिच्याकडे दिला. तिने घेतला, चहाही केला, पण पुढचे तीन शनिवार, म्हणजे तीन महिने, ती आली नाही. मी फोन करून माफी मागत राहिले, तर ते आणखीच जड झालं. शेवटी काहीही हातात न घेता तिच्या घरी गेले आणि विचारलं, “तो कसा होता गं?” दीड तास ती त्याच्याबद्दल बोलत होती. त्याला पोहायचं किती वेड होतं, आईने भाकरीचा पापुद्रा काढून ठेवला की तो कसा आधी पळवायचा. पुढच्या शनिवारी ती आली. तो तुकडा आता तिच्या वहीत स्वतंत्र पानावर आहे, चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेला, गोंदाचा थेंबही न लावता.

एवढंच विचारायचं होतं मी, कात्री उचलण्याआधी, की हा कोण? म्हणून तुला सांगते, मैत्रिणीच्या फोटोला कात्री लावायची नाही. तिने स्वतः सांगितलं तरी फोटो हातात धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवायचं आणि प्रत्येक माणूस कोण ते तिला विचारायचं. आपल्याकडच्या लग्नामुंजीच्या फोटोंत मधे बसलेले सगळ्यांना ठाऊक असतात. कडेला, खांबाआड, दारात अर्ध्या दिसणाऱ्या बायका असतात ना, त्यांनीच ते कार्य उभं केलेलं असतं. चूल सांभाळणारी मावशी, पाहुण्यांची अंथरुणं घालणारी काकू. आपण कात्री लावतो ती नेमकी त्यांच्यावर.

फोटोच्या मागे नावं लिहायची, तीही त्याच बैठकीत. मऊ शिशाची पेन्सिल घ्यायची आणि कडेला हलक्या हाताने लिहायचं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो, जेलपेनची शाई खालच्या फोटोवर उतरते. आणि बायकांची नावं लिहिताना माहेरचं आणि सासरचं, दोन्ही लिही. आपल्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलायची रीत होती, माझ्या पिढीत तर सर्रास. एकच बाई एका वहीत एका नावाने आणि दुसऱ्या वहीत वेगळ्याच नावाने असते, आणि दोन पिढ्यांनी त्या दोन निराळ्या बायका होऊन बसतात.

यातून आमच्याकडे एक फार सुंदर गोष्ट घडली. आम्ही सगळ्या एकमेकींना आडनावाने नाहीतर अमक्याची आई म्हणून हाक मारायचो. माहेरची पानं करायला घेतली तेव्हा एकीच्या जुन्या फोटोमागे तिच्या वडिलांच्या अक्षरात ओळ होती, डावीकडून तिसरी अमुक. ते नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, “ती मीच. आई गेल्यापासून मला कुणी त्या नावाने हाक मारली नाही.” पुढच्या शनिवारी दार उघडल्या उघडल्या सगळ्यांनी तिला त्याच नावाने हाक मारली. ती उंबऱ्यातच थांबली, आणि आत येऊन आधी डोळे पुसले. आता ती आमच्यासाठी त्याच नावाची आहे.

आता सामानाचं. मोठ्या दुकानातले चमचमते परदेशी स्टिकर आणि तयार सजावट यांच्या मागे लागू नका. ते महाग असतं हे तर आहेच, पण एकीने आणलं की दुसरीला आपलं पान फिकं वाटायला लागतं आणि तिसरी खर्च झेपत नाही म्हणून येईनाशी होते. आम्ही भिशी केली. दर महिन्याला ठरावीक रक्कम, सगळ्यांची सारखी, आणि त्यातून एकच पेपर कटर, एक कापायची मॅट, दोन चांगल्या कात्र्या. हिशेबाची वही टेबलावर उघडी असते. पैशाचं बोलणं स्पष्ट असलं की मनात काही साचत नाही. बाकी कागद, फिती, पाकिटं बोहरी आळीत आणि अप्पा बळवंत चौकात पायी हिंडून घ्या, दोघीदोघी मिळून जा. त्या हिंडण्यात जेवढं बोलणं होतं तेवढं टेबलावर होत नाही.

पानांसाठी मात्र थोडे पैसे जास्त घाल. शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथला सुती चिंध्यांपासून केलेला कागद हातात घेऊन बघ. साधा वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, कागद कुरकुरीत होऊन तुटतो, आणि त्यातली आम्लता शेजारच्या फोटोतही उतरते. म्हणून वर्तमानपत्राचं कात्रण थेट लावू नका, चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावा. सेलोटेप तर घरातूनच काढून टाक. काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग तेवढा कायमचा राहतो. स्टेपलरच्या पिना गंजतात, त्या पहिल्या दिवशीच काढायच्या. आणि कशाचंही लॅमिनेशन करून आणू नकोस, ते परत उलगडता येत नाही.

फोटो शक्यतो चिकटवायचेच नाहीत, कोपऱ्यांत अडकवायचे. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये होते तसे कोपरे कागदाच्या पट्टीला दोन घड्या घालून घरीच होतात. आमच्यातल्या एकीची बोटं संधिवाताने वाकली आहेत, तिला कात्री धरवत नाही, पण घड्या घालता येतात. गेली कित्येक वर्षं सगळ्यांच्या वह्यांतले कोपरे ती करते. तिच्या पानांसाठी कापाकापी आम्ही करतो. रंग कुठला आणि फोटो कुठे हे मात्र तीच सांगते, आम्ही मधे बोलत नाही. मदत करायची म्हणजे हात आपला द्यायचा, डोळा तिचाच राहू द्यायचा.

कुठल्या फोटोंपासून सुरुवात करू, हे तू विचारलंस. सगळ्यांना वाटतं आधी आजी-आजोबांचे जुने कृष्णधवल. तसं करू नकोस. ॲग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यातले, एका रोलला बारा यायचे ते फोटो अजून ठणठणीत आहेत. आधी धोक्यात आहेत ते साधारण १९८० च्या आसपासचे रंगीत फोटो. त्यांतले रंग उडताहेत, चेहरे तांबूस होत चाललेत. तुझ्या आईच्या लग्नाचा अल्बम त्यातलाच. आणि तो चिकट पट्ट्यांच्या पानांचा आहे, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेला. तो गोंद वर्षानुवर्षं फोटोच्या पाठीला धरून बसतो. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव, म्हणजे काही बिघडलंच तर निदान तेवढं राहील. मग डेंटल फ्लॉसचा धागा फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवायचा आणि करवतीसारखा हळूहळू मागेपुढे करत न्यायचा. हे एकटीने करायचं काम नाही. एकीने पान सपाट धरायचं, दुसरीने धागा चालवायचा. फोटो सुटायला तयार नसेल तर ओढायचा नाही, पानाचा तो भाग कापून पाठीसकट ठेवून द्यायचा.

एसटीची पूर्वीची, कंडक्टर पंच करून द्यायचा ती तिकिटं आमच्या वह्यांत अजून वाचता येतात. हल्लीची मशीनमधून निघणारी कोरी होतात, कारण तो उष्णतेने छापायचा कागद असतो. त्यांची झेरॉक्स लगेच काढा. लग्नाला आलेल्या शुभेच्छांच्या तारा कुणाकडे असतील तर त्यांना पहिलं पान द्या, २०१३ सालापासून आपल्याकडची तारसेवाच बंद झाली आहे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाला हात लावू नका. हळद उजेडाने उडते, कुंकू ओलसरपणात पसरतं, पण ते बोट ज्या बाईने लावलं तिचं आहे. वर बटरपेपर घाला आणि तसंच राहू द्या.

आता मला जे सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. तुमच्या सहा जणींत एखादी अशी असेल की जिच्याकडे फोटोच नाहीत. तिच्याकडे लक्ष ठेव. ती पहिल्या दिवशी सांगणार नाही. इतरांच्या पानांचं कौतुक करेल, चहा करेल, पसारा आवरेल आणि आपली वही उघडणार नाही.

आमच्यातली एक नारायण पेठेत नदीच्या बाजूला वाढलेली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि पाणी पेठांत शिरलं. तेव्हा ती अकरा वर्षांची. माणसं वाचली, पण वाड्याच्या खालच्या खोलीतली ट्रंक गेली. त्या ट्रंकेत तिच्या आईवडिलांचं लग्न, भावंडांची बारशी, सगळं होतं. तिची वही थेट तिच्या स्वतःच्या लग्नापासून सुरू व्हायची. आम्हाला वाटायचं तिला माहेरचं काही लावायचंच नाही. एक वर्ष लागलं आम्हाला विचारायला. मला अजून वाईट वाटतं त्या वर्षाचं.

विचारल्यावर तिने सांगितलं. मग आम्ही त्या शनिवारी आपापल्या वह्या मिटल्या. आमच्यातल्या चित्रकलेच्या बाईंनी कोरं पान समोर घेतलं आणि म्हणाल्या, “दारातून आत ये, मी तुझ्यामागून येते.” तिने डोळे मिटले. दिंडी दरवाजा, डाव्या हाताला ओटी, मधे चौक, चौकात हौद, हौदाला टेकून चाफा. माजघरात धान्याचं बळद, त्यात मांजर व्यायची. बाई काढत गेल्या. मधेच ती म्हणायची, नाही नाही, जिना या बाजूला, आणि बाई खोडरबर फिरवायच्या. दोन तासांनी तिचा वाडा टेबलावर होता. तिने बोट ठेवून दाखवलं, पाणी इथपर्यंत आलं होतं. बाईंनी तिथे निळी रेघ ओढली.

त्यानंतर जे झालं ते कुणाच्याच मनात नव्हतं. आमच्यातल्या एकीची मोठी बहीण हुजूरपागेत शिकलेली. तिच्या अल्बमात वर्गाचा फोटो होता आणि मागच्या रांगेत, शेवटून दुसरी, दोन वेण्यांची आमची मैत्रीण. पुराच्या आधीचा तिचा एकमेव फोटो तो. मूळ फोटो आम्ही मागितला नाही. तो ज्याचा त्याच्याकडेच राहायला हवा, नाहीतर उपकाराचं ओझं होतं आणि पुढच्या पिढीत भांडणही. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवला, फ्लॅश बंद केला, मोबाइल अगदी समांतर धरला आणि प्रत काढली. पुढे चांगलं स्कॅन करून छापून घेतली. तिच्या वहीचं पहिलं पान आता वाड्याचा नकाशा आहे आणि दुसरं ते दोन वेण्यांचं.

तर पाच जणींच्या अल्बमांत सहावीला शोधा. वाकडला राहायला आलेल्या सगळ्याच कुठून कुठून आलेल्या. कुणाचं शिक्षण नागपूरला, कुणाचं कोल्हापूरला, कुणी तरी कुणाच्या कडेला उभी असेलच.

रोजच्या बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. सकाळी अकरा ते एक बसा, उजेड चांगला असतो. काम चालू असताना टेबलावर खायचं काही नको. चिवड्याच्या तेलाचं एक बोट फोटोवर उमटलं की ते कधीच जात नाही. एक वाजता सगळं आवरून मग पोहे, वड्या, चहा, आणि मग मनसोक्त गप्पा. कुणाच्याही पानाचा फोटो तिला विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. वहीत माणूस जे लिहितं ते नणंद-जावांनी वाचण्यासाठी नसतं. आणि तिच्या पानाला नुसतं छान म्हणून पुढे जाऊ नका. छान म्हटलं की बोलणं संपतं. हा कुठला दिवस, विचारलं की सुरू होतं.

घटस्फोट झालेली एखादी असेल. फोटो फाडून टाक असंही सांगू नका आणि मुलांसाठी ठेव असंही नको. आमच्यातल्या एकीला असाच पेच होता. आम्ही पानाच्या पाठीला एक पाकीट लावून दिलं, तोंड बंद होणारं. तिने ते फोटो त्यात घातले आणि वही पुढे चालू केली. सात वर्षांनी तिच्या मुलीने ते पाकीट आईच्या शेजारी बसून उघडलं.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर जुने फोटो बाहेर काढू नका. तेव्हा आम्ही नवी पानं कापतो, नावं लिहितो, पाककृती उतरवून घेतो. वह्या बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नकोस, भिंत ओल धरते. लोखंडी कपाटात मधल्या फळीवर, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत. डांबराच्या गोळ्या कागदावर किंवा प्लॅस्टिकवर थेट ठेवायच्या नाहीत. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत प्रत्येक वही उघडून पानं चाळायची, कसर लागलीय का बघायची. आम्ही त्या दिवशी एकमेकींच्या वह्या चाळतो, आपली नाही. दुसरीच्या नजरेला आपल्या वहीतलं भोक आधी दिसतं.

एक अवघड गोष्ट राहिली. पुढे कधी तरी तुमच्यातली एक जाईल. तुम्ही चाळिशीच्या आहात, आज त्याचा विचार नको, पण हे पत्र ठेवून दे. आमच्या दोघी गेल्या. दुसरीची वही अर्धी झाली होती आणि लावायचे फोटो खोक्यात तसेच होते. आमच्यातल्या काही जणींना वाटलं आपण ती पूर्ण करून तिच्या घरी द्यावी. मी नको म्हटलं. तिने कुठला फोटो कुठे लावला असता हे आपल्याला कसं कळणार? आम्ही एवढंच केलं, खोक्यातला एकेक फोटो घेतला, आम्हाला माहीत होती ती नावं पेन्सिलीने मागे लिहिली, प्रत्येक फोटो बटरपेपरमध्ये गुंडाळला. वहीतली मोकळी पानं मोकळीच ठेवली आणि सगळं तिच्या सुनेच्या हातात दिलं.

चार महिन्यांनी एका शनिवारी दार वाजलं. सून वही आणि खोकं घेऊन उभी होती. म्हणाली, “काकू, मला यातली निम्मी माणसं ओळखता येत नाहीत.” तिला सासूच्याच खुर्चीवर बसवलं. तिने वरचा फोटो उलगडला, सिंहगडाच्या पायथ्याला काढलेला, कडेला दही विकणारी एक बाई आणि तिच्याशी बोलणारी पाठमोरी कुणीतरी. “ही पाठमोरी कोण?” तिने विचारलं, आणि आम्ही पाची जणी एकदम बोलायला लागलो.